शेवटचं पाकीट

आमटीला उकळी आली तसं दिगंबररावांनी गोड्या मसाल्याचं पाकीट सवयीनं न फोडताच पातेल्यात सोडलं. तांदळाच्या स्टार्चचं आणि दुधातल्या प्रथिनांचं ते वेष्टन क्षणात विरघळलं. पाकीट फोडणारा माणूस हल्ली अडाणी समजला जाई. तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या नलिनीच्या हातचं हे शेवटचं पाकीट.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, आत्या म्हणाली, मसाल्याचं प्रमाण आईनं शेवटच्या पाकिटावर बिटाच्या शाईनं लिहून ठेवलंय. फोटो पाठवा ना."

त्यांनी पातेल्यात डोकावलं. आमटीवर गुलाबी तवंग होता.

"चष्मा लावून नीट बघा हं."

"बघतोय," ते म्हणाले.

आमटी फर्मास झाली होती. पुन्हा तशी कशी करायची, तेही त्यांनी भाताबरोबर संपवलं.