दुसरी पिन

"दादा, ही इथे कशी?"

धाकट्या बहिणीने हात पुढे केला. तळहातावर बोटाएवढी जाड लोखंडी पिन होती. दाराच्या कप्प्यात पाण्याची बाटली शोधताना ती तिच्या हाताला लागली होती.

गाडी पुलावर चढत होती. दादाने पिनेकडे एक नजर टाकून पुन्हा समोर पाहिलं.

"जादाची असेल," तो म्हणाला. मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

जुन्या गाडीला सायकलींचा रॅक थेट बसायचा. एक जोड, तो अडकवून ठेवणारी एक पिन. या गाडीच्या मागे रॅकचा दांडा घालायच्या नळीचं तोंड लहान, म्हणून सकाळी मध्ये अडॅप्टर घातला होता. अडॅप्टर गाडीत, रॅक अडॅप्टरमध्ये. जोड दोन झाले. दादाने मात्र हाताच्या सवयीने गाडीकडची पिन तेवढी सरकवली, रॅक गदागदा हलवला आणि म्हणाला, "आता गाडी उचलली तरी हा सुटायचा नाही."

"तू एकच मागितलीस," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, उरलेली जुनी असेल."

तिने मागे वळून पाहिलं. सायकलचं हँडल काचेला घासत होतं, म्हणून निघताना त्याला फडकं गुंडाळलं होतं. आता फडकं आणि काच यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट पडली होती. त्या फटीतून वहिनीचं हेल्मेट दिसत होतं. पुढच्या फाट्यावरून तिला कामावर वळायचं होतं. तोवर ती स्कूटरवर त्यांच्या मागोमाग येत होती.

"वहिनी अगदी चिकटून येतेय रे."

"फोन लाव तिला."

फोन लागला. मागच्या सीटवर वहिनीची पर्स वाजू लागली.

"ब्रेक मार!"

"मारला तर ती येऊन आदळेल."

त्याने नुसता पाय सैल केला. मागून ट्रकचा हॉर्न आला. पुलाचा सांधा आला, गाडीला गचका बसला, आणि पाठीमागे लोखंडावर लोखंड घासलं.

धाकटीने खिडकीतून हात काढून 'मागे हो, मागे हो' अशी खूण केली. वहिनीनेही हात हलवला आणि आणखी जवळ आली.

"टाटा करतेय मला," धाकटी रडकुंडीला येऊन म्हणाली.

प्रत्येक सांध्याआधी दादा ओठांतल्या ओठांत "हळू, हळू" म्हणत होता.

पूल संपला. गाडी रांगत रांगत कडेच्या मातीत उतरली आणि थांबली. दादा धावत मागे गेला. रॅकचा दांडा अडॅप्टरच्या तोंडात नखभर उरला होता. त्याने दोन्ही हात रॅकखाली घातले आणि तसाच उभा राहिला.

वहिनीने स्कूटर लावून हेल्मेटची काच वर केली.

"थांबलात ते बरं केलंत," ती म्हणाली. "सायकली कधीच्या डुलतायत. आणि हिला मला टाटा करायचं सुचतंय."

"मग लांब राहायचं ना, वहिनी!" धाकटी गाडीतून उतरत म्हणाली.

"लांब कशी राहू? मागे तो ट्रक बघितलास ना, कसा अंगावर येत होता? एखादी सायकल सुटली असती तर सरळ त्याच्या चाकाखाली. म्हणून मध्ये राहिले."

दादाने रॅक गुडघ्याने आत रेटला आणि धाकटीला म्हणाला, "पिन दे."