दहा बैठकांची चाचणी

"टोपी घट्ट होतेय का, ते मला विचारा," बाई म्हणाल्या. "त्यांना बोलता येत नाही, म्हणून तर इथे आलोय."

यंत्र चालवणाऱ्या मुलीने मान हलवली आणि बाईंच्या नवऱ्याच्या टोपीतल्या तारा नीट केल्या. समोरच्या पडद्यावर एक फुगा होता. मेंदू शांत झाला की फुगा वर चढणार, फुगा चढत गेला की मेंदू सुधारणार आणि गेलेली वाचा परत येणार, असं उपचार केंद्राच्या माहितीपत्रकात छापलं होतं.

बाई कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. असल्या वाक्यांखाली लाल रेघ मारण्यात त्यांची उभी हयात गेली होती. नवरा बस डेपोत घोषणा करायचा. तीस वर्षं सगळ्या गाड्या त्याच्या आवाजावर सुटल्या. आठ महिन्यांपूर्वी त्याला झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, आता काही अडसर दिसत नाही, बोलायला हवं. पण घरात त्याच्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं.

केंद्राचा पत्ता नणंदेने दिला होता.

"वहिनी, माझ्या मैत्रिणीच्या दिराला खूप फरक पडला."

"खूप म्हणजे किती? आणि नुसता घरी बसला असता तर पडला नसता कशावरून?"

तरी बैठका सुरू झाल्या. नवरा मात्र चार बैठकांतच इतका रमला, की मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर आधीच बूट घालून दाराशी बसायचा. खोटी आशा माणसाला कशी धरते, ते बाईंना घरातच दिसत होतं.

म्हणून त्यांनी केंद्राच्या संचालकांना गाठलं आणि चाचणी ठरवली. पुढच्या दहा बैठकांपैकी पाचांत फुगा नवऱ्याच्या मेंदूवर हलेल, पाचांत भलत्याच रुग्णाच्या मेंदूची जुनी नोंद चालेल. कुठला दिवस खरा, कुठला खोटा, हे बंद पाकिटात राहील. ते ना नवऱ्याला कळणार, ना त्या मुलीला, ना बाईंना.

"आणि मी बाहेर बसलेली असताना आत काय चालतं त्याचं रेकॉर्डिंग हवं," बाईंनी बजावलं. "उगाच कोणी शब्द पढवायला नको."

"खोलीतलं बोलणं खाजगी असतं, मॅडम," मुलगी चाचरत म्हणाली. "ते नका ना मागू."

"कसलं खाजगी? एक जण तर मुका आहे." बाईंना वाटलं, चोर सापडला.

बैठक झाली की संध्याकाळी बाई नवऱ्यासमोर वीस चित्रं मांडत. कुलूप, छत्री, शिडी. तो चित्राकडे बघायचा, मग बाईंकडे, मग खिडकीबाहेर.

"शि... शिडी! म्हणा ना, किती सोपं आहे. बरं, पुढचं. कु..."

वहीत शून्य पडायचं.

एकदा डेपोवरून जाताना भोंग्यातून नव्या माणसाचा आवाज आला, तेव्हा बाईंनी रिक्षातच तोंड फिरवलं. त्यांना तो जुना आवाज परत हवा होता. इतका हवा होता, की त्या नावाखाली कोणी फसवलेलं त्यांना खपलं नसतं.

दहावी बैठक संपली. संचालकांनी पाकीट फोडलं. बाईंनी वही उघडली.

"खऱ्या पाच दिवसांत शब्द शून्य. खोट्या पाच दिवसांत शून्य. तुमचं यंत्र म्हणजे टोपी घातलेला फुगा आहे. मी तक्रार करणार." मग बाई मुलीकडे वळल्या. "आता रेकॉर्डिंग द्या."

"मॅडम, तुमचा निष्कर्ष बरोबर आहे. यंत्राने काही होत नाही, हे मलाही आता पटलंय. ते ऐकायची गरज नाही."

"ते मी ठरवीन."

"घरी जा, मॅडम. प्लीज."

बाईंनी हात पुढे केला तो मागे घेतलाच नाही. मुलीने संचालकांकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. शेवटच्या बैठकीचं रेकॉर्डिंग सुरू झालं. थोडी खरखर, खुर्चीचा आवाज, मग मुलीचे शब्द.

"काका, रेकॉर्डिंग चालू आहे हं. तुमच्या मिसेस हे ऐकतील."

"ऐकू दे," डेपोतला तोच स्वच्छ, भरदार आवाज म्हणाला. "आणि तो फुगा बंद केलात तरी चालेल. ती तासभर दाराबाहेर बसते, मला तेवढं पुरे."