पूर्वीची नोंद नाही

कमांड टाइप करून झाली होती. आता फक्त एंटर दाबायचं बाकी होतं, आणि नेमका तेवढ्यात रक्तपेढीचा टेक्निशियन दारात येऊन उभा राहिला.

"ताई, तुम्ही जुनं काही काढलंत का आज?"

"काढलं. आता पुसतेय. तुमचं काय आणखी?" तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

हॉस्पिटलचा सगळा डेटा सांभाळणारी ही बाई पार पिचून गेली होती. रक्तपेढीच्या नोंदींचं टेबल कॉम्प्युटरमध्ये इतकं फुगलं होतं, की एक नाव शोधायला घातलं तरी काउंटरवरची माणसं जांभया देत बसायची आणि शिव्या हिला घालायची. शेवटी तिने रात्रीचा दिवस करून त्या टेबलाचे वर्षावार कप्पे पाडले. आज सकाळी दहा वर्षांपलीकडचे कप्पे सोडवून बाजूला काढले, आणि सगळं कसं पळायला लागलं! साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. वर म्हणाले, "ते बाजूचंही पुसून टाका, डिस्कला जागा नाही. कॉपीबिपी काढत बसू नका. दहा वर्षं जो फिरकला नाही, तो आता कसला येतोय!" वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. बरं म्हणाली.

टेक्निशियन आत आला. "वर एक बाई ऑपरेशनला घेतायत. रक्त लागणार आहे. आमच्या तपासणीत सगळं जुळतंय. स्क्रीनवर येतंय, पूर्वीची नोंद नाही."

"मग द्या की रक्त. माझं डोकं कशाला खाताय?"

"ती बाई म्हणते, थोरलीच्या बाळंतपणात इथंच रक्त चढवलं होतं. घरी गेली आणि आठवड्याभरात पिवळीजर्द पडली. परत इथंच आणून टाकलं."

"थोरली केवढी आहे?"

"कॉलेजात जाते."

तिचा हात कीबोर्डवरून खाली आला.

"पुन्हा तपासा ना मग नीट," ती उगाचच खेकसली.

"दोनदा तपासलं, ताई. एखादं रक्त बाधलं की अंगात त्याच्या विरोधात काहीतरी तयार होतं. वर्षं गेली की ते इतकं कमी होतं, की तपासणीत सापडतच नाही. पण तसलंच रक्त पुन्हा गेलं की उसळून येतं. जिवावर बेतू शकतं. तेव्हा कुठलं बाधलं, ते जुन्या नोंदीतच असणार. सर्जन म्हणतात, स्क्रीन नाही म्हणतेय ना? मग बाईचं काय ऐकत बसलाय, घाबरलीय ती."

पूर्वीची नोंद नाही. ते वाक्य तिनेच कधीतरी लिहिलं होतं. कप्पे सोडवताना ते बदलायला हवं, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. नोंद दुसरीकडे हलवली आहे, एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. आता स्क्रीन बिनदिक्कत सगळ्यांना सांगत सुटली होती, की असं काही घडलंच नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने कमांड खोडली. एकेक जुना कप्पा पुन्हा टेबलाला जोडत गेली. खाली काउंटरवर सगळं परत रखडलं. फोन वाजू लागले, साहेबांचाही वाजला. तिने एकही उचलला नाही. टेक्निशियन तिच्या खुर्चीमागे उभा राहून नखं खात होता.

"हे बघा."

त्याने स्क्रीनवर वाकून वाचलं. परत एकदा वाचलं. "आई गं," तो म्हणाला. "फ्रीजमधून काढून ठेवलीय ती पिशवी नेमकी तेव्हा बाधलेल्या रक्ताचीच." आणि तो धावत सुटला.

तीही उठली आणि त्याच्या मागोमाग जिना चढली. एवढे दिवस ज्या नोंदी ती कप्प्याकप्प्याने उचलून ठेवत होती, त्यांतलं एकही माणूस तिने पाहिलं नव्हतं.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर स्ट्रेचरवर बाई पडली होती. ओठ पांढरे पडलेले, हाताला सलाइन. कॉलेजातली मुलगी उशाशी उभी राहून आईच्या कपाळावरून हात फिरवत होती. टेक्निशियन आतल्या नर्सला दुसऱ्या पिशवीचं सांगून आला आणि बाईजवळ वाकला.

"मावशी, काळजी करू नका. सापडली तुमची नोंद."

बाईने मोठ्या कष्टाने डोळे उघडले. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे धापा टाकत उभ्या राहिलेल्या या अनोळखी बाईकडे.

"सापडली कसली?" ती म्हणाली. "मी सकाळपासून इथंच तर पडलेय."