आधी टेस्टर

“पाना ना, बाबा? हा घ्या,” म्हणत लेकीनं पाना त्यांच्या हातात कोंबलासुद्धा.

म्हाताऱ्या वायरमनला पक्कड हवी होती. शब्द ओठांपर्यंत आला होता, जरा थांबली असती तर बाहेरही पडला असता. पण दम धरतंय कोण! सकाळीच डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूचा फोटो दाखवला होता. “हे पांढरे ठिपके बघा. आतल्या तारांवरचं आवरण वयानं थोडं झिजतं. निरोप पोचतो, पण सावकाश. आजार नाही हा, या वयात चालायचंच.” लेकीनं त्यातलं ‘सावकाश’ तेवढं उचललं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच फर्मान काढलं, बेकरीचं काम शेवटचं, उद्यापासून तुम्ही घरी. वायरमनच्या मनात आलं, घरी बसून करायचं काय, भिंती मोजायच्या?

बेकरीच्या भट्टीची वायर बदलायची होती. लेकीचं काम झपाट्याचं. तिनं स्विच बंद केला, वायरीच्या उघड्या टोकाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. “सप्लाय नाही,” म्हणत तिनं हात पुढे केला.

वायरमनला काहीतरी खटकलं. काय ते लगेच सांगता येईना. त्यांनी सरळ तिचं मनगट धरलं.

“काय झालं, बाबा? स्विच? फ्यूज? बोला ना लवकर!”

ते तिचा टेस्टर घेऊन भिंतीच्या आधारानं फ्रिजच्या बोर्डापाशी गेले. फ्रिज चांगला घुमत होता. त्यांनी शेजारच्या पॉइंटमध्ये टेस्टर घातला. तिथंही दिवा लागला नाही.

म्हणजे टेस्टरच बिघडलेला! लेक वायरीपासून मागे सरली.

मग त्यांनी खिशातून स्वतःचा, चिकटपट्टी गुंडाळलेला टेस्टर काढला. आधी फ्रिजच्या बोर्डात लावला. दिवा लागला. मग भट्टीच्या वायरीला लावला. तिथंही लख्ख लागला. कुण्या दीडशहाण्यानं दुसरीकडून सप्लाय जोडून ठेवला होता.

“आधी...” ते म्हणाले. या वेळी लेकीनं पुढचा शब्द पुरवला नाही. “आधी टेस्टर तपासायचा. मग वायर.”

“विसरले मी,” ती म्हणाली.

“विसरली नाहीस. घाई केलीस.”

त्यांनी मेन बंद केला, पुन्हा तपासलं, आणि दोघांनी मिळून वायर बदलली. आज काम संपायला नेहमीपेक्षा वेळ लागला, पण लेकीनं एकदाही घड्याळ बघितलं नाही.

“उद्या शाळेतलं काम आहे, नऊ वाजता,” हत्यारांची पिशवी भरताना ती म्हणाली. “किती वाजता निघू या आपण?”

वायरमन विचार करू लागले. तिचे ओठ दोनदा हलले, दोनदा मिटले. ती पिशवी धरून नुसती उभी राहिली.

“साडेआठला,” ते म्हणाले. “जिने चढायला मला वेळ लागतो.”