चिकटवलेल्या लिंका

सर्च इंजिनचे नियम बदलले आणि शलाकाचं गोधड्यांचं ऑनलाइन दुकान शोधूनही सापडेना. जुगाराच्या भिकार साइटांवर कुणीतरी दुकानाच्या लिंका चिकटवल्या होत्या. अशा साइटांवर लिंका असलेलं दुकानही तसलंच, असं नवे नियम धरत; त्याच आता भोवत होत्या.

"कुठल्या मेल्याने दावा साधलाय?" म्हणत तिने त्यातलं एक पान उघडलं. खाली लिहिलं होतं, 'हे माझ्या लेकीचं दुकान. जरूर भेट द्या.' पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढेही तेच.

समोर अप्पा टॅब घेऊन बसले होते. "आज आणखी चाळीस ठिकाणी टाकलं बघ तुझं दुकान," ते म्हणाले. "घरबसल्या माझा तेवढाच हातभार."

"बरं केलंत, अप्पा," ती कशीबशी म्हणाली. मग सगळ्या लिंका निवडून तिने सर्च इंजिनला कळवलं, 'यांच्याशी माझा काहीही संबंध नाही.'