आजोबांचा कागद

‘आजोबांना पाण्याने आंघोळ घालायची नाही. वाळूत लोळू द्यायचं.’

आत्याबाईंनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. अक्षर भावाच्या नातीचंच होतं. गाडी सुटता सुटता तिनेच खिडकीतून ओरडून सांगितलं होतं, “आत्याआजी, आजोबांचं सगळं फ्रिजवर लिहून ठेवलंय!” मुलगा, सून आणि नात आठ दिवसांसाठी परगावी गेली होती. आत्याबाई धाकट्या भावाच्या सोबतीला राहिल्या होत्या.

भाऊ बोलत नव्हता. बायको गेल्यापासून ‘हूं’ आणि ‘उंहूं’, एवढंच. “बाबा हल्ली असेच,” सून म्हणाली होती. आत्याबाईंना ते सोसवत नव्हतं. हा लहानपणी झोपेतसुद्धा बडबडायचा. त्याला बोलतं करूनच जायचं, असं ठरवून त्या आल्या होत्या. वाळूने जमत असेल तर वाळू.

पुढची ओळ वाचल्यावर तर शंकाच उरली नाही. ‘दिवसाला सूर्यफुलाच्या चार बिया. आजोबा त्या गालात साठवतात. घाबरू नये.’

“अजून?” आत्याबाई फ्रिजला म्हणाल्या. या गालांपायीच तर शाळेत त्याचं नाव फुग्या पडलं होतं.

‘वजन चाळीस ग्रॅम. कमी झालं तर डॉक्टरांना फोन.’ पोरीला किलो लिहायचं सुचलं नसेल. भाऊ वाळला होता खरा.

समोर इमारतीचं बांधकाम चाललं होतं. आत्याबाईंनी तिथून बादलीभर वाळू मागितली.

“कशाला हवी, आजी?” गवंड्याने विचारलं.

“भावाच्या आंघोळीला.”

गवंड्याने आणखी एक बादली भरून दिली. भाऊ लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून कपड्यांच्या टबात बसला. बहिणीकडे बघून ‘हूं’ म्हणाला आणि वाळू पायांवर ओढून घेतली.

‘रोज चाकावर पळू द्यावं.’ व्यायामाच्या सायकलवर वाळत घातलेले कपडे काढून आत्याबाईंनी त्याला तिच्यावर चढवलं. ‘दुसऱ्या आजोबांना जवळ आणू नये. चावतात.’ वरच्या मजल्यावरचे निवृत्त तिकीट तपासनीस बुद्धिबळाचा पट घेऊन आले, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. ते पट छातीशी धरून, मागे वळून बघत जिना चढले. ‘त्यांच्या सामानात हात घालू नये.’ म्हणून भावाच्या टेबलावर टॉवेलखाली जे खुडबुडत होतं, त्याकडे आत्याबाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही.

शेवटची ओळ होती, ‘रोज पंधरा मिनिटं जवळ बसून हळू आवाजात बोलावं. ते उत्तर देत नाहीत, पण त्यांना आवडतं.’

आत्याबाई रोज बसल्या. वडिलांच्या सायकलची घंटा, आईने माळ्यावर लपवलेला दाण्यांचा निळा डबा, तो पाडल्यावर दोघांनी खाल्लेला मार, आठवेल ते सांगत गेल्या. तिसऱ्या दिवशी भाऊ एकदम म्हणाला, “हिरवा होता डबा.” आत्याबाईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली. सहाव्या दिवशी पंधरा मिनिटांचे दोन तास झाले.

आठव्या दिवशी नात आली ती चपला भिरकावून, आजोबांना ओलांडून थेट खोलीत धावली. तिने टेबलावरचा टॉवेल ओढला. खाली पिंजरा होता. त्यात अंगठ्याएवढा, पांढऱ्या मिशांचा, उंदरासारखा हॅम्स्टर चाकावर पळत होता.

“आजोबा!” नात किंचाळली. “छान गुबगुबीत राहिलात!”

आत्याबाईंनी चष्मा पुसून पिंजऱ्यात पाहिलं. “हे आजोबा? मग याला आठ दिवस दाणापाणी कुणी केलं?”

“मी,” भाऊ म्हणाला.

“आणि माझ्या भावाचा कागद कुठला?” आत्याबाईंनी सुनेला विचारलं.

“बाबांना कसला कागद, आत्याबाई?” बॅग उचलता उचलता सून हसली.

आत्याबाई भावाकडे वळल्या. “फुग्या, तुला ठाऊक होतं?”

“पोरीने माझ्यासमोरच तर लिहिला.”

“मी तुला वाळूत बसवलं, मेल्या! तरी तोंडातून अक्षर काढलं नाहीस?”

भावाने सूर्यफुलाची बी या गालातून त्या गालात सारली.

“काढलं असतं, तर शेवटची ओळ हातची गेली असती, ताई.”