दुसऱ्या खेपेचा आकडा

“या भट्टीपायी सहा वर्षं मी गार चहा पितेय,” प्रयोगशाळेत सानाए पुटपुटली. उष्णतेपासून वीज करणारी काळी गोळी दुसऱ्यांदा आठशे अंशांवर पोचली, आणि मीटरवरचा आकडा पुन्हा निम्म्यावर घसरला. सकाळपासूनची ही पाचवी गोळी. उद्या ओतकाम कारखान्याचे लोक त्यांच्या भट्टीसाठी या गोळ्यांचा करार करायला येणार होते. “मीटर थकलं असेल, माझ्यासारखं,” मार्चमध्ये निवृत्त होणारे प्राध्यापक, नागुमो सेन्सेई म्हणाले. “सानाए-सान, उद्या कोरी गोळी ठेवा,” सहायक इशिगुरो हळूच म्हणाला. “पहिल्या खेपेला ती झकासच चालते.” सेन्सेईंनी खिडकीबाहेर पाहिलं, म्हणजे हो. सानाएनं चिमट्यानं नवी गोळी उचलली. छापलेल्या शोधनिबंधातही पहिल्या खेपेचाच आकडा तिनंच लिहिला होता. तिनं गोळी परत डबीत ठेवली. “सेन्सेई, त्यांची भट्टी रोज पेटते,” ती म्हणाली. “आपली गोळी एकदाच चालते.”